‘पूर्वी’ एवढा एकच शब्द

खोटे बोलणाऱ्या माणसाविषयी आपण जितके सावध असतो, तितके खोटे दाखवणाऱ्या चित्राविषयी नसतो. माणूस बोलू लागला म्हणजे त्याचा स्वर, त्याची नजर, त्याचा स्वार्थ ह्या सर्वांचा आपण नकळत हिशेब करतो आणि त्याच्या म्हणण्यातले किती घ्यावे व किती सोडावे हे ठरवतो. पण पडद्यावर एखादी बाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना दिसली, की आपल्या मनातला हा हिशेबनीस झोपी जातो. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले, आता शंका कसली? कान आणि डोळे ह्यांत चार बोटांचे अंतर, असे आपली वडीलधारी माणसे म्हणत. ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवू नये, पाहिलेल्यावर ठेवावा, असा तिचा भाव. परंतु मध्ये पडदा आला म्हणजे त्या चार बोटांत किती माणसे येऊन उभी राहतात! कॅमेरा धरणारा, प्रकाश पाडणारा, तुकडे जोडणारा, मागून गंभीर आवाजात निवेदन करणारा. ह्या मंडळींचा विचार त्या म्हणीला करावा लागला नव्हता. आपल्याला तो करावा लागतो.

कथापटाची गोष्ट निराळी आहे. तेथील खोटेपण दोघांच्या संमतीने चाललेले असते. रंगभूमीवर स्मशानात उभा असलेला हरिश्चंद्र खेळ संपल्यावर घरी जाऊन गरम भात खाणार, हे प्रेक्षकास पक्के ठाऊक असते. तरीही तो डोळे पुसतो, आणि त्यात कोणाचीच फसवणूक होत नाही. माहितीपटाचा करार असा नसतो. ‘हे मी रचले नाही, हे असे घडते आहे,’ असे तो न बोलता सांगत असतो आणि त्याच विश्वासावर प्रेक्षक त्याला आपला अर्धा तास देतो. जॉन ग्रियर्सन ह्या स्कॉटिश लेखकाने १९२६ साली न्यू यॉर्कच्या एका वृत्तपत्रात रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या ‘मोआना’ ह्या चित्रपटाचे परीक्षण लिहिताना अशा चित्रांना जो इंग्रजी शब्द लावला, त्याच्या मुळाशी ‘दस्तऐवज’ हा अर्थ आहे. आता दस्तऐवज म्हटला म्हणजे त्यावर तारीख हवी. तारखेवाचूनचा दस्तऐवज कोणत्याही कचेरीत चालत नाही. पडद्यावर मात्र तो बेधडक चालतो. मला आज जे सांगावयाचे आहे ते ह्या तारखेविषयीच.

मी व्यवसायाने इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. पुण्याच्या दक्षिणेस बिबवेवाडीत राहतो आणि तेथून हाकेच्या अंतरावरील एका महाविद्यालयात शिकवतो. एका अंगास मार्केट यार्डातील मालमोटारींची व हमालांची पहाटेपासूनची गडबड, दुसऱ्या अंगास टेकडीचे उतार, आणि ह्या दोहोंच्या मध्ये सोसायट्यांच्या इमारती व दाट वसती अशा शेजारी शेजारी, की एकीच्या गच्चीवरून दुसरीचे अंगण दिसावे. पाण्याच्या गोष्टी ह्या बाजूला नव्या नाहीत. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी शहरात नेले, ते ह्याच दक्षिणेकडच्या अंगाने. आमच्या वर्गात इमारतींतली मुले असतात तशी वसतीतलीही असतात. आणि एकदा बाकावर बसल्यावर कोण कोठून आले हे ओळखता येत नाही, ही मला महाविद्यालयाची एक मोठी शोभा वाटते.

गेली काही वर्षे गद्यवाचनाच्या जोडीला आम्ही वर्गात माहितीपटही दाखवतो. पुण्यात शिकवणाऱ्याने हा विषय टाळणे म्हणजे गोदाकाठी राहून स्नान न करण्यासारखेच आहे. कोल्हापूरची ‘प्रभात’ कंपनी १९३३ साली येथे आली. तिच्याच आवारात १९६० साली चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली, आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही ह्याच शहरात स्थापन झाले. माझ्या पिढीची माहितीपटाशी ओळख मात्र संग्रहालयात झाली नाही. १९४८ साली निघालेल्या फिल्म्स डिव्हिजनची चित्रे तेव्हा प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दाखवीत. आपण आत जाऊन खुर्ची शोधीत असावे आणि पडद्यावर एखाद्या धरणाचे दरवाजे उघडत असावेत, असा तो काळ. निवेदकाने धीरगंभीर स्वरात सांगितले की धरण पुरे झाले, म्हणजे ते झालेच! त्यावर हात वर करून ‘कधी झाले? कोणाची शेते गेली?’ असे विचारण्याची सोय अंधारात नव्हती. ती संस्था २०२२ साली चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. पण त्या आवाजावर विश्वास ठेवण्याची सवय आमच्या पिढीच्या अंगात राहून गेली आहे. मुलांना ती सवय लागू नये, म्हणून चित्र दाखवल्यावर दिवे लावावयाचे आणि भांडावयाचे, असा आमच्या वर्गाचा रिवाज आहे.

ह्या भांडणाचा आरंभ मी बहुधा आपल्याकडच्या पहिल्या माहितीपटाने करतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, ह्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पहिलवानांची कुस्ती लावून ती टिपली. ‘लावून’ हा शब्द मी फळ्यावर लिहितो. कुस्ती चालली होती म्हणून सावे दादा तेथे गेले नाहीत. त्यांना चित्र हवे होते म्हणून कुस्ती झाली. मग हे चित्र प्रामाणिक की अप्रामाणिक? पुढे १९०१ साली केंब्रिजहून गणितातला मोठा मान मिळवून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचे चित्र त्यांनीच घेतले. ते स्वागत तर कॅमेरा नसता तरीही झालेच असते. दोहोंत अधिक खरे कोणते? ह्यावर्षी एका विद्यार्थ्याने ताबडतोब उत्तर दिले: “सर, कुस्ती कुणीतरी लावल्याशिवाय होते कुठं? आखाड्यातसुद्धा लावावीच लागते. डाव खरे होते ना, मग झालं.” वर्ग हसला, आणि मलाही ते उत्तर आवडले. जुळवून आणले म्हणजे खोटे झाले, असे नव्हे, एवढा पहिला सिद्धांत त्या दिवशी एकमताने ठरला.

दुसरा सिद्धांतही फारशा कष्टावाचून ठरला. डिस्नी कंपनीच्या १९५८ सालच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ ह्या चित्रात लेमिंग नावाचे उंदरासारखे लहान प्राणी झुंडीने कड्यावरून पाण्यात उड्या घेऊन आत्मघात करताना दाखवले आहेत. त्या चित्राला ऑस्कर पारितोषिक मिळाले. १९८२ साली कॅनडातील दूरदर्शनच्या एका कार्यक्रमाने असे उघडकीस आणले की, हे प्राणी दुसऱ्या प्रांतातून विकत आणले होते, चित्रीकरण समुद्रापासून फार दूर झाले होते, आणि त्यांनी उड्या घेतल्या नव्हत्या. त्यांना लोटले होते. येथे वादच नव्हता. जे घडत नाही ते घडते म्हणून दाखवणे हे सरळ सरळ असत्य. पहिले टोक सावे दादांचे, दुसरे टोक ह्या लेमिंगांचे. ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी प्रामाणिकपणाची सीमा असणार, असे म्हणून आम्ही त्या दिवशीचे मुख्य चित्र लावले.

ते चित्र पुण्यातील पाण्याविषयी होते. अर्ध्या तासाचे, अलीकडचे, आणि हेतूने निःसंशय चांगले. शहराच्या एका भागात कारंजी उडतात आणि दुसऱ्या भागात बायका घागरींची रांग लावतात, हा त्याचा विषय. त्याचे व त्याच्या कर्त्याचे नाव मी येथे देत नाही. कारण माझे भांडण एका माणसाशी नाही. चित्राच्या मध्यावर एक दृश्य होते. सकाळचे कोवळे ऊन, मागे टेकडी, आणि एक मध्यमवयीन बाई डोक्यावर हंडा व कमरेवर कळशी घेऊन सावकाश चढ चढते आहे. निवेदक सांगत होता की, हिचा दिवस असा सुरू होतो. दृश्य मोठे सुंदर होते. वर्गात शांतता होती.

दिवे लागले. शेवटून दुसऱ्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली. ही मुलगी वर्गात क्वचितच बोलते. निबंध मात्र नेटका लिहिते.

“सर, हे खोटं आहे.”

“कोणतं?”

“हंड्याचं. ती माझी आई आहे.”

वर्गातील पन्नास माना एकदम मागे वळल्या. मी तिला सावकाश बोलण्यास सांगितले. ती म्हणाली की, त्यांच्या घरात नळ येऊन चित्रीकरणाच्या वेळी दीड वर्ष झाले होते. नळकोंडाळ्यावर तोवर कोणी जात नव्हते. “तिच्या डोक्याकडे बघा,” ती म्हणाली, “चुंबळ नाही. चुंबळ आम्ही केव्हाच टाकून दिली. तो पिवळा टॉवेल आहे ना, गुंडाळलेला, तो माझा आहे.” मी दृश्य पुन्हा लावले. हंड्याखाली खरोखरच पिवळा टॉवेल होता. आम्ही सर्वांनी तो आधीही पाहिला होता. तो काय सांगतो हे मात्र तिच्याशिवाय कोणाला वाचता आले नव्हते.

ह्या मुलीने वर्गात आपला पत्ता कोणाला सांगितलेला नव्हता, हे मला पुढे कळले. आपण वसतीत राहतो हे मैत्रिणींना कळू नये अशी तिची इच्छा असेल, तर त्यात लपवाछपवी कसली? ती तिची खाजगी गोष्ट. पण ‘हे खोटं आहे’ असे म्हणावयाचे तर ‘ती माझी आई आहे’ असेही म्हणणे भाग होते. दोन वर्षे जपलेली गोष्ट तिने एका वाक्यात खर्च केली. चित्राची परीक्षा आम्ही सारेच करीत होतो. त्या परीक्षेची किंमत फक्त तिने मोजली. म्हणून तिच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करून तास पुढे नेणे हे मला अशक्य होते.

वाद पेटला, आणि तो मोठा चांगला पेटला. पहिला आक्षेप अपेक्षित होता तोच आला. एक हुशार मुलगा म्हणाला, “पण तुझ्या शेजारच्या वसतीत अजून हंडेच आहेत ना? मग एका घरात नळ आला म्हणून चित्र खोटं कसं?” दुसरीने त्याला पुस्ती जोडली: हेतू चांगला होता, अशा चित्रांनीच अधिकाऱ्यांचे डोळे उघडतात, त्यात एखादे दृश्य करवून घेतले तर बिघडले कोठे? सावे दादांनीही कुस्ती लावलीच होती. मघाशी एकमताने मंजूर केलेला सिद्धांत तिच्यावरच उलटला होता.

त्या मुलीने थोडा वेळ विचार केला आणि मग जे उत्तर दिले ते मी त्याच दिवशी घरी येऊन टिपून ठेवले. ती म्हणाली, “नळ आपोआप नाही आला. आई आणि गल्लीतल्या बायका दोन वर्षं अर्ज घेऊन हेलपाटे घालत होत्या. आईनं त्यासाठी कामाचे खाडे केले. सही करायला ती तेव्हा शिकली. ह्या चित्रात ती नुसती बिचारी दिसते. तिनं काही केलं, असं दिसतच नाही.”

वर्ग पुन्हा शांत झाला. पण मघाची शांतता सौंदर्याची होती, ही निराळी होती. मला स्वतःला असे वाटले की, माहितीपटाच्या प्रामाणिकपणाविषयी जी पुस्तके मी चाळली आहेत, त्यांत ह्याहून नेमके काही वाचलेले नाही. दृश्य अस्तित्वात नसलेल्या गोष्टीचे नव्हते. त्या बाईने त्याच चढावर, तसाच हंडा, वर्षानुवर्षे वाहिला होता. खोटा होता तो फक्त काळ. जे ‘होते’ ते ‘आहे’ म्हणून दाखवले होते. आणि ह्या एका क्रियापदाच्या फरकात तिच्या आयुष्यातील दोन वर्षांची कर्तबगारी नाहीशी झाली होती.

कोणी म्हणेल, काळाशी खेळणे हा तर चित्रपटाचा धर्मच आहे. त्याला दोष कसा द्यावा? ह्या शंकेचे उत्तर आमच्याच नाशिककडच्या माणसाने देऊन ठेवले आहे. दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत अंकुराची महिनाभराची वाढ मिनिटा-दोन मिनिटांत पडद्यावर उतरवली. काळाची ह्याहून मोठी ओढाताण कोणती? तरी त्या चित्रास कोणी खोटे म्हणत नाही. कारण वाटाण्याचा वेल एका मिनिटात वाढत नाही हे पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. काळ बदलला ह्यात दोष नाही. पाहणाऱ्याला नकळत बदलला, आणि त्या बदलात कोणाचे तरी काही गेले, तर तो दोष. फाळक्यांच्या वाटाण्याचे काही गेले नाही.

माणसांचे मात्र जाते, आणि फार पूर्वीपासून जात आले आहे. ज्या फ्लॅहर्टीला ह्या प्रकारच्या चित्रांचा जनक मानतात, त्याचे ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हे चित्र १९२२ साली प्रसिद्ध झाले. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फात राहणाऱ्या एका शिकाऱ्याची ती गोष्ट. त्या शिकाऱ्याचे नाव नॅनूक नव्हते, अल्लाकारियाल्लाक होते. बर्फाच्या घरात कॅमेरा मावेना व उजेडही पुरेना, म्हणून अर्धेच घर बांधले आणि त्या उघड्या अर्ध्यात ही मंडळी थंडीत झोपण्याचा देखावा करीत होती. एवढ्याने मी फ्लॅहर्टीला दोष देणार नाही. ती सावे दादांच्या कुस्तीसारखी सोय झाली. पण त्या लोकांजवळ त्यावेळी बंदुका होत्या, आणि चित्रात ते जुन्या भाल्याने शिकार करतात. ग्रामोफोनची त्यांना ओळख होती, आणि चित्रात नॅनूक तबकडी हाती घेऊन नवलाने तिचा चावा घेतो. फ्लॅहर्टीचा पुढचा चित्रपट ‘मोआना’. त्यात पाश्चात्य धर्तीचे कपडे वापरू लागलेल्या सामोआ बेटावरील लोकांना सालीची जुनी वस्त्रे नेसवली. १९३४ सालच्या ‘मॅन ऑफ अ‍ॅरन’मध्ये आयर्लंडजवळच्या बेटांवरील कोळी एका प्रचंड शार्क माशाची शिकार करतात, ती विद्या तेथे कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडलेली होती, आणि चित्रासाठी त्या कोळ्यांना ती नव्याने शिकावी लागली.

तीन देश, तीन चित्रे, आणि तिन्हींत फसवणूक एकाच जातीची. ह्या लोकांनी काळाबरोबर टाकलेले पाऊल मागे घ्यावयास लावले. न्यायाने एवढे म्हटले पाहिजे की, फ्लॅहर्टी त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर थंडीवारा सोसला, घेतलेली चित्रे त्यांना दाखवली. आणि आपल्या वाडवडिलांची शिकार पुन्हा करून दाखवण्यात त्या शिकाऱ्यांना खराखुरा आनंद वाटला. नातवाने विचारले तर आजोबा जुनी तलवार काढून फिरवून दाखवतातच. त्यात लबाडी नाही. पण ते पाहून नातवाने शेजाऱ्यांना असे सांगू नये की, आमचे आजोबा रोज तलवार बांधूनच भाजी आणावयास जातात.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आईशी झालेले बोलणे घेऊन आली. आईला आपण काही खोटे केले असे मुळीच वाटत नव्हते, आणि ते योग्यच होते. ‘पूर्वी पाणी कसं आणायचात ते दाखवा,’ असे त्या पाहुण्यांनी सांगितले, आणि तिने ते दाखवले. हंडा माळ्यावरून काढला, टॉवेल गुंडाळून डोक्यावर घेतला, चढ दोनदा चढून दाखवला, कारण पहिल्या वेळी कोणीतरी मध्ये आले. मग घरी नेऊन सर्वांना चहा दिला. चहाचे पाणी अर्थातच नळाचे. तिने मोठ्या हौसेने नळ सोडून दाखवला, आणि त्याचेही चित्र त्यांनी घेतले होते. मुलीचे सर्व सांगणे ऐकून घेतल्यावर तिने एवढेच विचारले, “मग नळाचं काहीच नाही दाखवलं?”

वर्गाने त्या चित्राच्या कर्त्यास पत्र लिहिण्याचे ठरवले. मसुद्यावर बराच खल झाला. काहींना दृश्य काढून टाकावयास सांगावयाचे होते. काहींना जाहीर दिलगिरी हवी होती. त्या मुलीने दोन्ही नाकारले. तिचे म्हणणे असे की, दृश्य राहू द्यावे. आईने ते कष्ट काढलेच होते. निवेदनात फक्त एक शब्द घालावा: ‘पूर्वी’. पूर्वी हिचा दिवस असा सुरू होत असे. आणि जमल्यास त्यानंतर नळ दाखवावा.

उत्तर आले, आणि ते सभ्य व विचारी होते. चित्र बाहेर गेलेले असल्यामुळे आता बदल करणे शक्य नाही, असे कर्त्याने कळवले. पुढे त्याने लिहिले होते की, एका घरातील नळ दाखवला तर पाहणारा ‘प्रश्न सुटला’ म्हणून उठून जाईल; ज्यांच्याकडे नळ नाही त्यांच्यासाठी हे दृश्य आवश्यक होते. आणि हेच घर का निवडले, ह्याचे कारणही त्याने मोकळेपणाने सांगितले: तेथून चढ व टेकडी एका चौकटीत येत होती आणि सकाळचे ऊन चांगले पडत होते. हे शेवटचे वाक्य मी वर्गात वाचले तेव्हा कोणी हसले नाही.

त्याचा पहिला मुद्दा मला क्षुल्लक वाटत नाही. ज्याला लोकांचे दुःख दाखवावयाचे आहे, त्याच्या मनात ही भीती असणारच. परंतु तिचा अर्थ नीट पाहावा. ज्यांच्याकडे नळ नाही अशी घरे असतील, तर कॅमेरा त्या घरांकडे न्यावा. तेथे चढ सुंदर नसेल, पण साक्ष खरी मिळेल. आणि नळ दाखवल्याने पाहणारा उठून जाईल, हे तरी कशावरून? दोन वर्षे अर्ज घेऊन फिरणाऱ्या बायका पाहिल्यावर ज्याला नळ नाही त्याला काय करावे हे समजेल, आणि ज्याच्या घरी पाणी वाहते त्याला एका नळामागे किती हेलपाटे असतात हे कळेल. बिचारी बाई पाहून आपण हळहळतो, आणि हळहळ चहाबरोबर विरते. खटपट करणारी बाई पाहून आपल्याला थोडे ओशाळे वाटते, आणि ते वाटणे अधिक टिकते. शिवाय सत्पक्षाने सांगितलेले खोटे उघडकीस आले, म्हणजे त्याचा दंड त्या पक्षालाच भरावा लागतो. उद्या एखादा अधिकारी म्हणेल, ह्या बाईच्या घरी नळ आहे, तेव्हा बाकीच्या हंड्यांवर तरी विश्वास का ठेवावा? त्याला उत्तर देणे कठीण जाईल.

चित्रात असलेल्या माणसाने उलट विचारले तर काय करावे, ह्याचाही एक दाखला आपल्याकडे आहे. आनंद पटवर्धन ह्यांनी मुंबईतील झोपड्या पाडण्याविषयी १९८५ साली ‘हमारा शहर’ हा माहितीपट केला. त्यात एक बाई संतापून चित्र घेणाऱ्यालाच जाब विचारते, की असली चित्रे काढून गरिबांचे काय भले होणार. हा भाग कात्रीने सहज काढून टाकता आला असता. तो चित्रात तसाच ठेवला आहे. त्या चित्राच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो, त्या बाईला पाहिल्यावर प्रेक्षकाला एवढे कळते की समोरची माणसे मुकी नाहीत, आणि चित्र घेणारा अदृश्य नाही. आमच्या वर्गातील मुलीने जो प्रश्न बाकावरून विचारला, तो त्या बाईने पडद्यावरूनच विचारला होता.

ह्या सर्व प्रकाराचा एक परिणाम मात्र मला रुचला नाही, आणि त्याचा बंदोबस्त करण्यात पुढचे दोन तास गेले. काही मुलांनी ह्यातून असा धडा घेतला की, सगळेच माहितीपट खोटे. जे दाखवावे त्यावर ‘हे करवून घेतलेलं असणार’ असे म्हणून ती मोकळी होऊ लागली. हल्ली तर यंत्राला चार ओळी सांगितल्या की कधीही न जन्मलेल्या माणसाचे बोलतेचालते चित्र तयार होते. तेव्हा त्यांच्या अविश्वासाला निमित्तही आयते मिळते. पण हा अविश्वास आणि त्या मुलीची शंका ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तिला त्या गल्लीची माहिती होती, तो टॉवेल तिचा होता, आणि विचारण्यापायी तिला काही द्यावे लागले. ‘सगळंच खोटं’ म्हणणाऱ्याला काही ठाऊक असावे लागत नाही आणि काही द्यावेही लागत नाही. आंधळा विश्वास आणि सरसकट अविश्वास ही दोन्ही आळसाचीच रूपे आहेत. दोहोंतही टॉवेलाकडे पाहण्याचे कष्ट वाचतात.

म्हणून आता कोणतेही चित्र दाखवल्यावर मी मुलांना तीनच प्रश्न लिहून काढावयास सांगतो. हे केव्हाचे आहे? ह्यात असलेल्या माणसाने हे पाहिले आहे काय? आणि पाहून तो ‘हो, हा मीच’ असे म्हणेल काय? पहिल्याचे उत्तर पुष्कळदा चित्रातच सापडते: भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, रस्त्यावरच्या मोटारीत, डोक्यावरच्या टॉवेलात. उरलेल्या दोहोंसाठी बाहेर पडून विचारावे लागते, आणि मुले विचारू लागली आहेत. त्या प्रश्नांपुढे सगळी चित्रे पडतात असे मुळीच नाही. कित्येक अधिकच उजळ होऊन निघतात.

चित्र काढणाऱ्यांचे काम किती कठीण आहे ह्याची मला कल्पना आहे. ऊन थांबत नाही, पैसा पुरत नाही, माणसे कॅमेरा पाहून अवघडतात, आणि शंभर तुकड्यांतले नव्वद टाकावे लागतात. त्यांनी काहीच जुळवू नये, असे म्हणणे व्यर्थ आहे. मागणे एवढेच आहे की, काल घडलेले आज म्हणून दाखवू नये. आणि दाखवणे भाग पडले तर तसे सांगावे. मराठीत त्यासाठी ‘पूर्वी’ हा दोन अक्षरांचा शब्द आहे, आणि निवेदनात तो उच्चारावयास एक क्षणही लागत नाही. आपल्यापुरते म्हणाल, तर चित्र खरे की खोटे ह्याचा निकाल चित्रातल्या माणसाला विचारल्यावाचून देऊ नये. आणि ते माणूस, किंवा त्याचे मूल, आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेले असू शकते, हे शिकवणाऱ्याने विसरू नये.